खोकी जोडणारे यंत्र येण्याआधी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, नागपूरचा मिहान प्रकल्प आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांच्या आधाराने नागपूर-वर्धा पट्ट्यात मालाच्या गोदामांना महत्त्व आले आहे आणि प्रत्येक नव्या गोदामाबरोबर परिसरातल्या गावांना रोजगाराचे आश्वासन मिळते. सेलू, हिंगणा, समुद्रपूर या तालुक्यांतून ज्या बाया आणि तरुण मुले अशा ठिकाणी जातात, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येणारे काम म्हणजे पुठ्ठ्याचा सपाट खोका उघडणे, तळाचे फ्लॅप दुमडणे, टेप मारणे, वस्तू आत ठेवणे आणि वरचे तोंड बंद करणे. ऑनलाइन विक्रीच्या गोदामांत नेमके हेच काम आता यंत्राकडे जाऊ लागले आहे. आयटीआयमध्ये फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केलेला माणूस या नात्याने या यंत्राविषयी आणि त्यासाठी करावयाच्या तयारीविषयी मी हे पत्र लिहीत आहे.

खोके जोडणे पाहणाऱ्याला सोपे वाटते, आणि सगळी खोकी एकाच मापाची असतील तर ते यंत्रालाही सोपे जाते. साबण-बिस्किटांच्या कारखान्यांत ‘केस इरेक्टर’ नावाचे यंत्र पूर्वीपासून चालते. हवा ओढून घेणारे रबरी कप गठ्ठ्यातला सपाट खोका खेचतात, खेचताना तो चौकोनी उघडतो, पुढे सरकताना लोखंडी पट्ट्या तळाचे फ्लॅप आत वळवतात आणि त्यावर टेप किंवा गरम गोंद लागतो. ऑनलाइन विक्रीत मात्र एका पार्सलमध्ये मोबाइलचे कव्हर, दुसऱ्यात प्रेशर कुकर आणि तिसऱ्यात पुस्तक असते, त्यामुळे दर खेपेला माप बदलायचे म्हटले की अशा यंत्राचा वेग संपतो. शिवाय पुठ्ठा बारा महिने एकसारखा राहत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की त्यातला ओलावा उडून तो घडीवर तडकतो आणि श्रावणात तोच पुठ्ठा नरम पडून फ्लॅप नीट वळत नाही. काम करणाऱ्या बाईच्या बोटांना हा फरक पहिल्या काही खोक्यांतच कळतो आणि ती आपला जोर कमी-जास्त करते; यंत्राला त्यासाठी नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि ते जुळवणारा जाणता माणूस जवळ असावा लागतो. कपाशीची सगळी बोंडे एकदम फुटत नाहीत म्हणून आपल्याकडे वेचणी अजून हातानेच होते, तसेच काहीसे या कामाचे आजवर होते.

ही अडचण ओलांडणारी यंत्रे आता तयार झाली आहेत. त्यांना आयता खोका लागतच नाही. आलटून-पालटून घड्या घातलेला सलग लांब पुठ्ठा यंत्रात शिरतो, सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या वस्तूचे माप सेन्सर घेतात, त्या मापाने पुठ्ठा कापून वस्तूभोवती गुंडाळला व चिकटवला जातो आणि पत्त्याचे लेबलही तेथेच लागते. इटलीच्या सीएमसी कंपनीची अशी यंत्रे ॲमेझॉनने अमेरिकेतल्या काही गोदामांत बसवल्याची बातमी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मे २०१९ मध्ये दिली होती. एक यंत्र तासाला ६०० ते ७०० खोकी तयार करते आणि हा वेग माणसाच्या चार ते पाच पट आहे, असे त्या बातमीत म्हटले होते. एका गोदामात दोन यंत्रे बसवली की किमान २४ जागा कमी होतात आणि प्रत्येक यंत्राला सुमारे १० लाख डॉलर पडूनही तो पैसा दोन वर्षांच्या आत वसूल होतो, असा त्यामागचा हिशेब होता. दोन हजारांहून अधिक माणसे असलेल्या तिथल्या गोदामात २४ हा आकडा लहान वाटतो. आमच्याकडच्या एखाद्या गावातून निघणाऱ्या बसमध्ये मात्र तीच निम्मी माणसे ठरतात.

आपल्याकडे मजुरी स्वस्त, तेव्हा आजच्या दराने आठ कोटी रुपयांहून महाग पडणारे यंत्र इकडे कोण आणणार, असे अनेकजण म्हणतात. परंतु यंत्र घेताना केवळ मजुरीची बचत पाहिली जात नाही. कुरिअर कंपन्या पार्सलची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर भाडे त्यावर लावतात. अर्ध्या किलोची वस्तू ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातली तर ती ७.२ किलोची धरली जाते आणि ३० × २० × १० च्या खोक्यात १.२ किलोची. घाईच्या पाळीत हाताला लागेल तो मोठा खोका उचलला जातो, उरलेल्या जागेत हवेच्या पिशव्या भराव्या लागतात आणि ट्रकमधून बरीचशी हवाच वाहून नेली जाते. यंत्र हा सगळा खर्च वाचवते. त्यात आपल्याकडची एक गोष्ट भर घालते. ऑनलाइन खरेदीची सर्वांत मोठी गर्दी नवरात्र ते दिवाळी या दिवसांत असते आणि त्याच दिवसांत आमच्या वावरात सोयाबीनची सोंगणी चालू असते, पाठोपाठ कापसाची वेचणी लागते. मजूर मिळत नाहीत ही तक्रार शेतकरीही करतो आणि ठेकेदारही करतो. ज्या हंगामात गोदामाला माणसे सर्वाधिक लागतात त्याच हंगामात ती मिळत नसतील, तर मालक यंत्राकडे वळणारच, आणि महागडे नाही तर आधी साधा केस इरेक्टर आणील.

यंत्राला माझा विरोध नाही. पुठ्ठ्याच्या कडेने बोटे कापतात, दिवसभर टेपगन चालवून मनगट आणि खांदा भरून येतो आणि पाळीचा बहुतेक वेळ उभ्यानेच जातो. आमच्या मुलींनी जन्मभर हेच करावे असे मला कधीही वाटणार नाही. पण निंदण आणि वेचणीचा पैसा हंगामापुरता आणि बहुधा घरातल्या कर्त्याच्या हाती जाणारा असतो, तर या कामाचा पगार दरमहा स्वतःच्या बँक खात्यात पडतो. त्या पैशातून धाकट्या बहिणीची फी भरणाऱ्या, सासरी आपला शब्द चालवू शकणाऱ्या मुली मी गावात पाहतो. तो पगार बंद होणे ही त्यांच्यासाठी केवळ नोकरी जाणे नसते.

खेदाची बाब अशी की हा पगार बंद झाला तरी त्याची कोठे नोंद होणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम त्यात भरावी आणि ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावी, अशी ही तरतूद आहे. मात्र ठेकेदारामार्फत हंगामापुरती लागलेली बाई कागदोपत्री ‘कपात’ होतच नाही. एक दिवस तिला बोलावणे येत नाही आणि तिचा गेटपास संपतो. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाची मंडळाकडे नोंदणी केली आणि त्याच्या मजुरीला व भविष्य निर्वाह निधीला आधार दिला. गोदामात पॅकिंग करणाऱ्या ठेक्याच्या कामगारांची तशी नोंद जिल्ह्यात असली पाहिजे, म्हणजे यंत्र आले तेव्हा कोण घरी बसले हे तरी सांगता येईल.

आणखी एका घटकाकडे कोणाचे लक्ष नाही. हिंगणा-बुटीबोरीसारख्या वसाहतींतले पुठ्ठ्याची खोकी करणारे छोटे कारखानदार ठरावीक मापाची खोकी कापून, शिवून किंवा चिकटवून पुरवतात. मापाप्रमाणे खोका करणाऱ्या यंत्राला सलग पुठ्ठा लागतो आणि तो मोठ्या स्वयंचलित प्लांटमध्येच निघतो. सुटे ताव चिकटवणाऱ्या लहान युनिटला ते जमणारे नाही. त्यांच्याकडेही गावचीच माणसे कामाला आहेत, हे उद्योग विभागाने ध्यानात घ्यावे.

माझी मुख्य मागणी प्रशिक्षणाची आहे. असे यंत्र चालू राहण्यासाठी वस्तू लावणारे, पुठ्ठा व गोंद भरणारे आणि अडकलेले खोके काढून बिघाड दूर करणारे माणूस लागते, आणि हे शेवटचे काम तंत्रज्ञाचे असल्याने त्याला चांगला पगार असतो. ते काम शहरातून आलेल्या मुलाला आणि पुठ्ठा उचलण्याचे काम गावच्या बाईला, अशी वाटणी होऊ नये. फिटरच्या अभ्यासक्रमात न्यूमॅटिक्स म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रणा शिकवली जाते, सेन्सर व पीएलसीची (यंत्राला क्रमाने आज्ञा देणाऱ्या छोट्या संगणकाची) प्राथमिक ओळख त्याला जोडता येते; पण माझ्या वर्गात मुली फार थोड्या असत आणि ज्या आल्या त्यांनी उत्तम काम केले. तालुक्याच्या आयटीआयने आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने गोदामात आधीपासून काम करणाऱ्यांसाठी अल्प मुदतीचा वर्ग मराठीतून काढावा, त्याला बारावीची अट नसावी, आणि यंत्र बसवणाऱ्या गोदामाने त्यातून निघालेल्यांना आधी घ्यावे. ज्या गोदामांना शासनाची सवलत मिळते त्यांच्यावर ही अट घालणे शासनाच्या हाती आहे, आणि ग्रामपंचायतीनेही ना-हरकत देताना ती लेखी मागावी. वर्ग एप्रिल-मे महिन्यात ठेवला तर सोंगणी-वेचणी नसल्याने बायांना येता येईल, सकाळच्या वेळी ठेवला तर उन्हाचाही त्रास होणार नाही, आणि दसऱ्याच्या गर्दीपूर्वी गोदामांनाही शिकलेली माणसे मिळतील.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. सेलू, जि. वर्धा