‘सर्व पेट्रोल इंजिनांसाठी’ म्हणून विकलेल्या इग्निशन टेस्टरबाबत तक्रार

मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. १० सप्टेंबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : इग्निशन टेस्टरने चुकीचं निदान दाखवल्याबद्दल, आणि त्यावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवल्याबद्दल.

महोदय,

१२ मे रोजी मी तुमचा हातात धरायचा इग्निशन टेस्टर, म्हणजे इंजिनाची ठिणगी तपासायचं यंत्र, ६,४९० रुपयांना मागवला. बिलाची प्रत जोडली आहे. बावीस वर्षं मी इथे गॅरेज चालवतो. दुचाकी, चारचाकी, रिक्षा आणि बंदर जवळ असल्यामुळे होड्यांची आउटबोर्ड मशीनं (होडीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं), सगळं माझ्याकडे येतं. हे आधीच लिहितो, कारण तुमच्या फोनवरच्या मुलीने मला तीनदा विचारलं, ‘सर, आपण टेस्टर सुरू केला होता का?’

तुमची वस्तू टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. मेच्या अखेरीस मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका चाकरमान्याची तीन सिलिंडरची, सीएनजीवरची गाडी आली होती. सपाटीला ठीक, पण फोंडाघाट चढताना झटके देत होती. स्कॅनर लावला तर पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग, तिथलं इंधन नीट पेटत नाही. स्कॅनर तेवढंच सांगतो. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला व्होल्टेज देणारी कॉइल की इंधन सोडणारा इंजेक्टर, हे सांगत नाही. तुमचा टेस्टर एकेका कॉइलच्या डोक्यावर धरला तेव्हा एक आणि तीन नंबरला दहाच्या आसपास किलोव्होल्ट दिसत होते, दोन नंबरला सतरा. वायर न सोलता असा मोजलेला आकडा तंतोतंत नसतो हे मला माहीत आहे, पण तिघांची तुलना खोटी नसते. करंटला उडी मारायला जास्त जोर लागतोय म्हणजे प्लगच्या टोकांमधला गॅप वाढलेला असणार. प्लग काढला तर इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग आधी गॅसवर रडतो. तिन्ही प्लग बदलले, आकडे एका रांगेत आले, गाडी घाट चढून मुंबईला गेली. त्या दिवशी मी हा टेस्टर चार मेस्त्र्यांना दाखवला आणि घ्या म्हणून सांगितलं. त्यातल्या दोघांनी घेतलाही. आता ते भेटले की मी दुसऱ्या बाजूला बघतो.

पूर्वी आम्ही प्लग काढून इंजिनाच्या बॉडीला टेकवून किक मारायचो आणि ठिणगी निळी की पिवळी ते बघायचो. त्यात फसगत होते. उघड्या हवेत करंट सहज उडी मारतो, सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच उडी त्याला जमत नाही. शिवाय इसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) गाड्यांत असला खेळ महागात पडतो. म्हणून चालू इंजिनावर, काही न उघडता मोजणारं यंत्र हवं होतं. तुमच्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘सर्व पेट्रोल इंजिनांसाठी : कार, दुचाकी, बोट, जनरेटर’. त्यातला ‘बोट’ हा शब्द वाचून मी पैसे भरले.

(खोक्यावरच्या मराठी स्टिकरवर ‘जळजळ तपासणी यंत्र’ असं छापलं आहे, ते कृपया बदला. जळजळ तपासायला आमच्याकडे यंत्र लागत नाही, सोलकढी पुरते.)

आता मूळ तक्रार. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला आपलं मशीन लगेच हवं असतं. २४ जुलैला आमच्या शेजारचे आबा त्यांच्या पातीचं (मासेमारीच्या लहान होडीचं) दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेऊन आले. गेल्या हंगामाच्या शेवटी गरम झालं की मिसिंग मारत होतं. पिंपात पाणी भरून मशीन लावलं. आयडलिंगला बरं चालत होतं. तुमचा टेस्टर धरला. वरच्या सिलिंडरला लाल दिवा, ‘कॉइल कमजोर’. खालच्यालाही तेच. ठिणगी टिकण्याचा वेळ ०.२ मिलिसेकंद. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलंय की ०.८ च्या खाली आलं तर कॉइल बदला.

मी बदलली. दोन्ही. प्रत्येकी २,९०० रुपये. नव्या कॉइलवर टेस्टर धरला तर पुन्हा लाल. इथे माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही. तुमच्या यंत्रावर माझा इतका विश्वास बसला होता की मी कुडाळच्या दुकानदाराला फोन करून डुप्लिकेट माल दिलास म्हणून झाडलं. तो बिचारा बिलं, पॅकिंग सगळं दाखवत होता. पंधरा वर्षांचा व्यवहार आहे आमचा. नंतर मला त्याच्या दुकानात जाऊन माफी मागावी लागली. ती रक्कम या पत्रात लावता येत नाही.

पिंपात चालतंय म्हणून आबांनी मशीन नेलं. १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला आणि ३ तारखेला खडकाच्या पलीकडे, जाळं पाण्यात असताना, मशीन बंद पडलं. दुसऱ्या पातीने ओढून आणलं. आबा आले ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मेस्त्री, कॉइल नवी घातलंस मां? मग ह्यां परत कित्याक मरता?” ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी तुमचा टेस्टर बाजूला ठेवला आणि वेंगुर्ल्याच्या एका मित्राकडून पीक व्होल्टेज अडॅप्टर आणला. या मशीनमधले करंटचे ठोके इतके क्षणिक असतात की साधं मल्टिमीटर ते पकडू शकत नाही. हा अडॅप्टर ठोक्याचं टोक धरून ठेवतो, मग आकडा वाचता येतो. किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) वायर आधी सोडवून बघितली, फरक नाही. मॅग्नेटखालची चार्जिंग कॉइल बरोबर. ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी पल्सर कॉइल बरोबर. सीडीआयमधून (कपॅसिटरमध्ये करंट साठवून सोडणाऱ्या डब्यातून) कॉइलकडे जाणारा करंट मात्र मशीन हलवलं की पडत होता. शेवटी सीडीआयच्या अर्थिंगचा बोल्ट काढला. वरून चकचकीत, आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवा-पांढरा क्षार. खाऱ्या हवेचं काम. पिंपात मशीन शांत उभं, म्हणून अर्थ लागून होता. लाटेवर हादरे बसले की सुटायचा. पॉलिश पेपर, नवीन लग, वर ग्रीस. खर्च चाळीस रुपये. जुन्या कॉइल परत बसवल्या. त्या दिवसापासून मशीन एकदाही थांबलेलं नाही.

आणि त्या उत्तम चालणाऱ्या मशीनवर तुमचा टेस्टर धरला तर लाल दिवा. ०.२. कॉइल कमजोर.

हे असं का होतं ते मी तुमच्या इंजिनिअरला सांगावं याची मला लाज वाटते, पण ७ ऑगस्टला फोनवर ज्यांच्याशी बोललो त्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून लिहितो. गाडीतली कॉइल बॅटरीच्या करंटने भरली जाते आणि करंट तोडला की साठलेला जोर ठिणगीतून बाहेर पडतो. ती ठिणगी सावकाश विझते, एक ते दोन मिलिसेकंद टिकते. आउटबोर्डमध्ये आणि जुन्या बाइकमध्ये सीडीआय असतो. तिथे जोर कॉइलमध्ये साठत नाही, कपॅसिटरमध्ये साठतो. मॅग्नेटची कॉइल तो दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरते, पल्सरने इशारा दिला की तो सगळा एका दमात कॉइलवर रिकामा होतो. ठिणगी कडक आणि तिखट, पण क्षणात संपणारी, मिलिसेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात. तेलाने माखलेल्या प्लगवरही ती पडते, म्हणून तर टू-स्ट्रोकला हीच पद्धत बरी. म्हणजे ०.२ हा तिचा आजार नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. तुमच्या यंत्राला फक्त गाडीची कॉइल कळते आणि ते जगातल्या प्रत्येक इंजिनाला त्याच मापाने मोजतं. पुस्तिकेची चोवीस पानं मी दोनदा वाचली. त्यात सीडीआय हा शब्दच नाही.

तुमच्या सांगण्यावरून ९ ऑगस्टला टेस्टर कुरिअरने पाठवला. १ सप्टेंबरला परत आला. सोबत चिठ्ठी : ‘तपासणीत दोष आढळला नाही. दमट हवेत वापरल्यामुळे रीडिंगमध्ये फरक पडू शकतो. ओलावा वॉरंटीत येत नाही.’

दमट हवा! साहेब, हे मालवण आहे. पावसाळ्यात आमच्याकडे काडेपेटी पेटत नाही आणि पापड तळून ताटात येईपर्यंत नरम होतो. ओल्या हवेत करंट कॉइलच्या बुटाबाहेरून (रबरी टोपीबाहेरून) पळतो, रबरावर काळी रेघ पडते, हे सगळं आम्ही रोज बघतो. पण मग त्याच दमट हवेत त्याच टेस्टरने गाडीचं बरोबर कसं दाखवलं? २ सप्टेंबरला दिवसभर पाऊस होता. मी मुद्दाम त्याच दिवशी एकाच शेडखाली तीन इंजिनं तपासली. आबांचं आउटबोर्ड : लाल. शेजाऱ्याची २००८ सालची सीडीआयची १०० सीसी बाइक, जी अर्ध्या किकला सुरू होते : लाल. गिऱ्हाईकाची चारचाकी, कॉइल थेट प्लगवर बसणारी : हिरवा, १.४. लाल दाखवलेल्या दोन्ही इंजिनांवर मग माझा तीनशे रुपयांचा, क्लिपवाला गॅप टेस्टर लावला. बारा मिलिमीटरची उडी, निळी ठिणगी, चटचट आवाज, एकही चुकली नाही. ओलावा फक्त सीडीआयच्या इंजिनाजवळ येतो आणि चारचाकीला वगळतो, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लेटरहेडवर लिहून द्या. व्हिडिओ सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. कोंबडा आरवतो त्याकडे दुर्लक्ष करावं.

‘दोष आढळला नाही’ हे एका अर्थी खरंही आहे. टेस्टर बिघडलेला नाहीच. तो जसा बनवला तसाच चालतो. खोटं आहे ते खोक्यावरचं वाक्य आणि अकराव्या पानावरचा सल्ला. गॅरेजवाल्याला माहिती मिळाली नाही तर तो हाताने शोधतो. चुकीची माहिती खात्रीने मिळाली तर तो गिऱ्हाईकाच्या पैशाने चुकतो. रस्त्यावर बंद पडलेली गाडी ढकलता येते, खडकापलीकडे बंद पडलेली पात ढकलता येत नाही.

माझी मागणी अशी. टेस्टरचे ६,४९० रुपये परत मिळावेत. दोन कॉइलचे ५,८०० रुपये मिळावेत, कारण आबांना ते मी माझ्या खिशातून परत केले आणि इलेक्ट्रिकल सामान दुकानदार परत घेत नाही, घेऊही नये. एकूण १२,२९० रुपये. आबांचे तीन दिवस समुद्रावर जाणं चुकलं, ओढून आणणाऱ्या पातीचं तेल गेलं, ते मी मागत नाही. त्याची बिलं नसतात. आणि खोक्यावरचा ‘बोट’ शब्द काढा, किंवा पुस्तिकेत ‘सीडीआय इग्निशनवर ठिणगीचा वेळ आणि कॉइलचा दिवा ग्राह्य धरू नये’ असं एक वाक्य छापा. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनाही मेसेजने कळवा. ही शेवटची मागणी पैशांइतकीच महत्त्वाची आहे, कारण माझ्या सांगण्यावरून घेतलेले ते दोन मेस्त्री होड्यांचंच काम करतात.

तुमच्या ईमेलमध्ये एक वाक्य होतं की मी धंद्यासाठी वस्तू घेतली, त्यामुळे ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या पूर्ण वाचावी. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही. माझ्या गॅरेजात मी आणि एक शिकाऊ मुलगा, तोही दहावीच्या अभ्यासाला दुपारी घरी जातो. त्याच कायद्यानुसार मी जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन, मग तो अर्ज भरेन.

टेस्टर या वेळी कुरिअरने पाठवणार नाही. तो माझ्याकडेच, प्लास्टिकच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवला आहे, म्हणजे ओलाव्याचं कारण परत नको. खात्री करायची असेल तर तुमचा माणूस पाठवा. आबांची पात पहाटे जाते. दुपारी चारनंतर मशीन किनाऱ्यावर असतं, पिंप मी भरून ठेवेन.

आपला ग्राहक,
(सही)
गॅरेजचालक, मालवण

सोबत : टेस्टरचं बिल, दोन कॉइलचं बिल, कुरिअरच्या पावत्या, तुमची चिठ्ठी, अकराव्या पानाची झेरॉक्स, पेन ड्राइव्ह.