बर्लिनहून आई-बाबांना

बर्लिन, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

ऑफिसचं काम शुक्रवारीच आटोपलं आणि शनिवार-रविवार मी शहर पायी पालथं घातलं. फोनवर यातलं काही धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायलाच बसले.

बाबा, आधी तुमचा ब्रांडेनबुर्ग दरवाजा. 1791 साली बांधून पुरा झालेला. वरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने 1806 मध्ये पॅरिसला नेला होता, तो 1814 साली परत आला. 1989 च्या नोव्हेंबरात टीव्हीवर तुम्ही माणसं चढलेली पाहिलीत ती, शहराचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे करणारी बर्लिनची भिंत याच दरवाजापुढून जायची. आता तिच्या जागी रस्त्यातच दगडांची ओळ बसवलीय, तिच्यावरून बस-मोटारी जातात. दरवाजा देखणा आहे, पण फोटोवाल्यांच्या गर्दीत मी फार थांबले नाही.

भिंत समजून घ्यायची तर बेर्नाउअर रस्त्यावर जायला हवं. तिथली घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि घरांपुढचा फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये! 13 ऑगस्ट 1961 ला सीमा बंद झाली, तेव्हा लोकांनी आपल्याच घराच्या खिडक्यांतून उड्या टाकल्या. खाली पश्चिमेकडचे अग्निशमनवाले जाळी धरून उभे असत. मग खिडक्या विटांनी बुजवल्या, पुढे घरंही पाडली. भिंतीपायी बर्लिनमध्ये किमान 140 जीव गेले. त्यांचे फोटो तिथे लावलेत, त्यात लहान मुलंही आहेत.

या शहराचं मला सर्वांत जास्त काय भावलं सांगू? राजधानीच्या ऐन मध्यावर, संसदेपासून चालत पाच-दहा मिनिटांवर, आपल्याच लोकांनी केलेल्या पापाचं स्मारक आहे. नाझींनी मारलेल्या ज्यूंसाठी 2005 साली उभारलेलं. काँक्रीटचे 2,711 करडे ठोकळे, एकावरही अक्षर नाही. कडेचे ठोकळे बसता येईल एवढेच. आत जावं तशी जमीन उतरते, ठोकळे डोक्याच्या वर जातात आणि रस्त्याचा आवाजही मंदावतो. शिवाय गल्लोगल्ली घरांसमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढे पितळी तुकडे बसवलेत. इथे अमुक राहत होती, जन्म अमुक साली, अमुक साली नेलं, अमुक ठिकाणी मारलं. वाचायचं तर मान खाली घालावीच लागते.

बाबा, बेबेलप्लाट्झला तुमची फार आठवण आली. 10 मे 1933 ला नाझी विद्यार्थ्यांनी या चौकात हजारो पुस्तकं जाळली, आणि समोरच विद्यापीठ! आज तिथे फरसबंदीत एक काच आहे. खाली वाकून पाहिलं की एक पांढरी खोली दिसते, चहूबाजूंनी रिकामी फडताळं. वीस हजार पुस्तकं मावतील एवढी.

आणि आई, तिथून रस्ता ओलांडला की ‘नॉये वाखे’ नावाची जुनी पहारेकऱ्यांची चौकी आहे. आत काही म्हणजे काही नाही. मधोमध जमिनीवर एक आई बसलीय, मेलेल्या मुलाला गुडघ्यांत घेऊन. छताला बरोबर तिच्या वर गोल भोक ठेवलंय. ऊन, पाऊस, बर्फ सगळं तिच्या अंगावर पडतं. मूळ शिल्प केटे कोलविट्झ या बाईंचं, लहानसं. इथे 1993 मध्ये ते मोठं करून बसवलं. त्यांचा मुलगा पेटर 1914 साली, अठराव्या वर्षी, बेल्जियममध्ये युद्धात गेला. वय लहान म्हणून भरती व्हायला वडिलांची परवानगी लागत होती. वडील तयार नव्हते. आईनेच त्यांचं मन वळवलं होतं. हे कळल्यावर मी परत आत जाऊन त्या बाईच्या हातांकडे बघत उभी राहिले. तो चेहऱ्याशी नेलेला हात, आई, मला विसरता येत नाहीये.

आज सकाळी मुद्दाम डालेम भागात गेले. इरावती कर्वे इथल्या मानववंशशास्त्र संस्थेत शिकल्या, 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या मापांतून फिशरना हवा होता तो निष्कर्ष इरावतीबाईंना दिसला नाही, आणि दिसला नाही असंच त्यांनी प्रबंधात मांडलं. परक्या देशातली विशी-पंचविशीतली मुलगी, समोर एवढा मोठा प्राध्यापक! पुढे याच संस्थेकडे आउश्वित्झच्या छळछावणीतून मेंगेले हा नाझी डॉक्टर माणसांच्या शरीराचे नमुने पाठवत असे. त्या इमारतीत आता विद्यापीठाचे वर्ग भरतात आणि दारात हे सगळं सांगणारी पाटी आहे. मला बाईंचा फार अभिमान वाटला.

आता कामाचं. तुम्हा दोघांना मला हे दाखवायचंच आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. 100 नंबरची साधी दुमजली बस यातल्या बऱ्याच जागांवरून जाते. संसदेच्या काचेच्या घुमटाला पैसे पडत नाहीत, फक्त आधी नाव नोंदवायचं आणि पासपोर्ट न्यायचा. गच्चीपर्यंत लिफ्ट आहे. तेव्हा आईच्या पासपोर्टची मुदत बघा आणि संपत आली असेल तर याच आठवड्यात अर्ज टाका. मे महिना बरा, इथली थंडी आईला सोसायची नाही.

औषधं वेळेवर घ्या. बुधवारी पोचले की फोन करते.

तुमची,
चिमी