गणपतीला रजा नव्हती, त्याबद्दल

ब्युनोस आयर्स, २६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

दादाने तुम्हाला माझा सहलीच्या फोटोंचा स्टेटस दाखवल्याचं कळलं. त्याला म्हणावं, आभारी आहे. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "गणपतीला रजा नव्हती ना?" आणि फोन आईकडे दिला. आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. म्हणून लिहितेय. दादा प्रिंट काढून देईल. बाबा, उजेडात बसून वाचा.

मी ठणठणीत आहे. ऑफिस, घर, भाजी सगळं तेच.

आधी आईच्या मनातले प्रश्न. एकटी गेले नव्हते. ऑफिसातल्या दोघी होत्या, त्यातल्या एकीचं माहेरच तिकडचं, कोरिएन्तेस प्रांतातलं. रात्रीची बस होती, पण आपल्या रातराणीपेक्षा बरी. खुर्ची पार मागे जाते आणि शेजारचा माणूस खांद्यावर झोपत नाही. गाय खाल्ली नाही. नदीतला मासा खाल्ला, सुरुबी नावाचा, काटे कमी, चव बेताची. तुझ्या कोकमाची आठवण आली. मगरी होत्या, हो. पण यांना याकारे म्हणतात, आकाराने लहान, दिवसभर जबडा उघडा टाकून उन्हात पडलेल्या असतात. पुरात वाशिष्ठीतली मगर चिपळूणच्या रस्त्यावर आलेली आपण पाहिली आहे, त्यामुळे हा प्रश्न तुला पडायला नको.

बाबांना वाटतं, जायचंच होतं तर पेपरात फोटो येतो तो इग्वासूचा धबधबा बघायचा. तो पहिल्याच वर्षी बघितला होता, छत्र्यांच्या गर्दीतून. या वेळी मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे चल, तिकडे फारसं कुणी येत नाही. मर्सेडीस नावाच्या गावी सकाळी उतरलो. तिथून कोलोनिया कार्लोस पेलेग्रिनी १२० किलोमीटर, बराचसा रस्ता खडीचा. मुंबई-गोवा हायवेवर वाढलेल्या मुलीला त्याचं काय!

गाव आपल्या वाडीएवढं, आणि कडेला इबेराची दलदल. ग्वारानी भाषेत इबेरा म्हणजे चमकणारं पाणी. सुमारे १२ हजार चौरस किलोमीटर पसारा. आपला रत्नागिरी जिल्हा त्यात ठेवला तरी चहूकडून पाणी उरेल. पाण्यावर गवतामुळांची जाड गादी धरते, तिच्यावर माती साचते, झाडं उगवतात आणि अख्खं बेट वाऱ्याने सरकतं. नावाड्याने बांबूने एका बेटाची कड दाबून दाखवली. दहा हातांवरचं झुडूप डुललं.

आणि कार्पिंचो. उंदराच्या जातीतला जगातला सगळ्यात मोठा प्राणी, पन्नास-साठ किलोचा. जेवून ओटीवर बसलेल्या काकांसारखा डोळे अर्धे मिटून बसतो, नाव जवळून गेली तरी ढिम्म. मनात आलं, इथे बाप्पाला शोभेलसं वाहन तयार आहे. मग पुढचं सगळंच आठवलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. झांजा कुणी वाजवल्या या वर्षी?

आता "माते" नावाच्या इथल्या पेयाचं सांगते, कारण फोटोत माझ्या हातात ते भांडं बघून "काय पितेस" असं वहिनीने तीनदा विचारलं. दारू नाही. हुक्का नाही. येर्बा नावाच्या झाडाच्या वाळक्या पानांचा कडू काढा आहे. वाळवलेल्या छोट्या भोपळ्यात पानं भरतात, धातूची नळी खोचतात आणि थर्मासातलं गरम पाणी थोडं थोडं ओततात. उकळतं नाही, उकळतं ओतलं तर लोक हळहळतात. ओतणारा माणूस एकच. पहिलं भांडं तो स्वतः पितो, कारण ते सगळ्यात कडू असतं. मग पुन्हा पाणी घालून शेजारच्याला देतो. त्याने तळाशी सुर्रर्र वाजेपर्यंत प्यायचं आणि परत ओतणाऱ्याच्याच हातात द्यायचं. मग पुढच्याला. भांडं तेच, नळीही तीच! आई, हो, उष्टं. आठ माणसांचं. नळी पुसलीस तर अपमान, ढवळलीस तर चूक. ऑफिसात साहेब आणि सफाईवाली एकाच नळीने पितात. आपल्याकडे हे कुठे दिसेल सांग. कोविडात मात्र आपापलं भांडं घेऊन बसत होते, असं मैत्रीण म्हणाली.

मैत्रिणीच्या आईने मला पहिलं भांडं दिलं, मी शहाण्यासारखं "ग्रासियास" म्हटलं. त्यानंतर तासभर भांडं माझ्यावरून पलीकडे जात राहिलं. वाटलं, बाईंना माझा राग आला. नंतर कळलं, इथे ग्रासियास म्हणजे "पुरे, आता नको". आभार मानले की पंगतीतून उठलीस! त्या बाईंनी मग चिपा खाऊ घातल्या, चीज घातलेले छोटे पाव. त्याचं पीठ ज्या कंदाचं, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. पण अंडं असतं, तेव्हा एकादशीला विचारू नकोस.

मर्सेडीसच्या बाहेर गाउचितो खिलचं ठाणं आहे. सैन्यातून पळालेला एकोणिसाव्या शतकातला माणूस. मारणाऱ्याला त्याने सांगितलं, माझ्या नावाने मागशील तर तुझा आजारी मुलगा बरा होईल. मुलगा बरा झाला, अशी कथा. चर्च त्याला संत मानत नाही, लोक मानतात. सगळीकडे लाल झेंडे, लाल फिती, नवस फिटल्यावर ठेवलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी. जाणारे ड्रायव्हर हॉर्न वाजवून नमस्कार करतात. मीही एक फीत बांधली. बाबांच्या मोतीबिंदूसाठी.

तर रजा. रजा होती. सहा दिवसांची. यायला-जायलाच तीन दिवस आणि तिकीट दीड लाखाच्या आसपास. ही सहल त्याच्या पाचव्या भागात झाली. हे सगळं खरं आहे. पण आले असते तर आरतीला पुण्याचे लोक सहज म्हणून येणार होते, हे वहिनीने आधीच सांगून ठेवलं होतं. तेही खरं. "रजा नाही" म्हणायला सोपं होतं. चुकलं माझं.

तुळशीचं लग्न झालं, यादी निघालीच असेल. त्या पुण्याच्या मुलाशी व्हिडिओवर बोलीन. रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेसहाला, माझे सकाळचे दहा. त्यांना "मुलगी फार फिरते" असं कळलंय म्हणे. आधीच कळलं, बरं झालं.

घराचा हप्ता डिसेंबरपासून मी भरणार, दादाला खातं विचारलंय. नाही म्हणू नका. आणि इथला करार वर्षभराने वाढला. सही करून झाली आहे. आधी विचारायला हवं होतं, माहीत आहे.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जानेवारीनंतरची घ्या. नव्या वर्षाची चौदा दिवसांची रजा मी मागून ठेवली आहे, कागद दादाला पाठवलाय. बघा हवं तर.

तुमची,
छकुली