हत्ती, पुतळा आणि आमचा गणपती

तोक्यो,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या घाल. पण आधी इथल्या जपानीच्या वर्गात शिकलेला एक शब्द ऐक: झोओ.

पुतळा, मूर्ती, प्रतिमा, सगळं झोओ. दगडाचा तो सेकिझोओ, ब्राँझचा दोओझोओ, बुद्धमूर्ती म्हणजे बुत्सुझोओ आणि फोनमधला फोटो गाझोओ. आपल्याकडे महाराजांच्या पुतळ्याला मूर्ती आणि गणपतीला पुतळा म्हणून बघ, लोक अंगावर येतील!

त्यात हत्तीही झोओच. लिहिताना हत्तीच्या चिन्हाला डावीकडे माणसाची दोन रेघांची खूण जोडली की झाला पुतळा. कानाला मात्र मला तरी काडीचा फरक कळत नाही. हान फेइ नावाचा जुना चिनी विचारवंत सांगतो, की जिवंत हत्ती क्वचितच कुणाला दिसे. मग लोक मेलेल्याची हाडं बघून तो कसा असेल ते मनात उभं करत, म्हणून मनातल्या आकारालाच 'हत्ती' म्हणू लागले. आहे की नाही झकास!

फरक पडतो तो क्रियापदात. 'आहे' म्हणायला सजीव असेल तर 'इमास', निर्जीव असेल तर 'आरिमास'. कामाकुराचा ब्राँझचा बुद्ध बघून आलो होतो, अकरा मीटरहून उंच, पाचशेहून जास्त वर्षं उघड्यावर बसलेला. वर्गात ऐटीत सांगितलं, 'कामाकुरा नि ओओकिइ झोओ गा इमास.' म्हणजे कामाकुराला मोठा हत्ती राहतो. आठवडाभर मला सगळे हत्तीची खुशाली विचारत होते.

मग आले गणपती. वीतभर शाडूची मूर्ती, दीड दिवस. बाईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "झोओ नो झोओ!" हत्तीची मूर्ती. गृहपाठात मी 'घरी गणपती इमास' लिहिलं. त्यांनी लाल पेन उचललं. मी माझ्या मोडक्या जपानीत प्राणप्रतिष्ठा समजावली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, नारा शहरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२ साली तुमच्याच देशातल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने रेखून उघडले होते. पेनाला टोपण लागलं.

विसर्जन बाल्कनीत, बादलीत केलं. वहीत भूतकाळ लिहायचा होता. 'इमाशिता' लिहिलं आणि बादलीकडे बघत बराच वेळ बसलो रे.

डिसेंबरात येतोयस ना? मोदकाचा साचा आण, आईकडे दोन आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या