रस्त्यातला फणस

देवरुख,
२४ मार्च

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. काय त्या शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. शिमगा होता, मला सवड नव्हती.

परवा नमनाचा खेळ बघून मी आणि आपला दिग्या रात्री दीडच्या सुमारास परतत होतो. काजूच्या बागेपाशी वळणावर दिग्याने करकचून ब्रेक दाबला. म्हणाला, "रस्त्यात फणस पडलाय बघ." मी म्हटलं, मार्चात एवढा फणस कुठला रे? तेवढ्यात फणस हलला.

खवले मांजर, सुध्या! पन्नास वर्षं याच मातीत काढली आणि जिवंत आत्ता बघितलं. गाडीचा दिवा बंद करून आम्ही गप उभे राहिलो, चांदणं होतंच. पाचेक मिनिटांनी गोळा सैल झाला. आधी निमुळतं तोंड बाहेर आलं, मग पोटाशी दडवलेलं पिल्लू. ते आईच्या शेपटीच्या बुडावर चढून बसलं आणि स्वारी निघाली. पुढच्या पायांची नखं एवढी लांब की ती आत दुमडून, मुठी टेकत चालते. वाळल्या पानांवर खवल्यांचा तो खसखस आवाज अजून कानात आहे.

नाव मांजर, पण मांजराशी नातं काही नाही. अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी जगात हा एवढाच. तोंडात एकही दात नाही. मुंग्या आणि वाळवी चिकट जिभेने ओढायची नि गिळायची. दळायचं काम पोटात, कोंबडीसारखे खडे गिळून. जीभ तर इतकी लांब की तिचं मूळ गळ्यात नाही, पार खाली शेवटच्या बरगड्यांपाशी! वारूळ फोडताना मुंग्या शिरू नयेत म्हणून नाकपुड्या मिटून घेतं.

गोळा झालं की बिबट्यालाही सहज दाद देत नाही. पण तोच गोळा माणूस अलगद उचलून पोत्यात टाकतो. पळत नाही, चावत नाही, चोराची सोयच. आणि हे सगळं कशासाठी, तर खवल्यांच्या औषधासाठी. अरे, त्यात असतं ते केरॅटिन, आपल्या नखांत असतं तेच. एवढा विश्वास असेल तर स्वतःची नखं खावीत, फुकट पडतात! २०१७ पासून देशादेशांमधल्या याच्या व्यापारावर बंदी आहे, आपल्याकडे तर वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत. तरी पोती भरतातच.

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेवाल्यांनी मात्र डोकं चालवलं. २०२० साली डुगवे गावात खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती चक्क पालखीत बसवून नाचवली. शिमग्याला पालखीपुढे नाचणारा माणूस पालखीतल्याला पोत्यात भरेल का, सांग. मला तरी हे शंभर फलकांपेक्षा पटलं.

सकाळी मी पुन्हा त्या वळणावर गेलो. बांधावरचं वारूळ एका बाजूने फोडलेलं, ओल्या मातीत नखांचे लांब ओरखडे. दिग्याला बजावलंय, जागा कुणाला सांगायची नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे, म्हणून रोज संध्याकाळी त्याला माझ्याकडेच चहाला बसवतोय. साखर संपत आली. मे महिन्यात येशील तेव्हा घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या