लॅबमधल्या दादांना

प्रिय दादा,

समोर उभं राहून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं, मॅडम" म्हणत तुम्ही लगेच कुठल्या तरी बंद पडलेल्या कीबोर्डकडे वळला असता. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही आमच्या मुलांसाठी जे केलंत ते माझ्यासारख्या इतर शिक्षकांपर्यंतही पोचायला हवं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी रोपांच्या उंचीच्या नोंदींचा तक्ता करून पाठवायला सांगितला होता. कुणी स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला, कुणाची फाईल रिकामीच आली, तिघांच्या फाईलचं नाव 'बुक१'. मी वर्गात रागावले. दिवसभर मोबाईल हाताळणाऱ्या मुलांना एवढं जमत नाही, म्हणजे हा निव्वळ आळस, असं मला वाटलं. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, मी सेव्ह केलं होतं हो. पण ते गेलं कुठे तेच कळत नाही."

तुम्ही दाराशीच होता. ती गेल्यावर म्हणालात, "मोबाईलमध्ये फोटो फोटोंच्या ॲपमध्ये सापडतात, गाणी गाण्यांच्या ॲपमध्ये. ठेवलं कुठे, हा प्रश्न या मुलांना कधी पडलेलाच नाही. त्यांना कुणी दाखवलं नाही, मॅडम."

इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलांचं नेमकं कुठे अडतं हे मला तोवर दिसलं नव्हतं.

पुढचे आठ शनिवार तुम्ही दर वेळी दोन तास दिलेत, तेही तुमच्या कामात हे कुठेच बसत नसताना. मी सूचनेत 'संगणक कच्चा असणाऱ्यांसाठी' असं लिहिलं होतं, ते तुम्ही खोडायला लावलंत. नुसतं 'लॅबचे दोन तास' असं लिहून लावल्यावर वर्ग भरला. आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहिणारा मुलगाही आला, आणि डाउनलोड केलेलं नेमकं कुठे जातं हे त्यालाही पहिल्यांदाच कळलं.

पहिल्या दिवशी तुम्ही एकही मशीन सुरू करू दिलं नाहीत. लोखंडी कपाट उघडलंत, एका मुलाच्या हाती कागद दिलात आणि दुसऱ्याला बाहेर पाठवलंत. पहिल्याने कागद ठेवायचा आणि कुठे ठेवला ते चिठ्ठीवर लिहायचं. त्याने लिहिलं, 'कपाटात'. दुसरा बिचारा पाच मिनिटं शोधत राहिला. मग चिठ्ठी बदलली: 'कपाट, दुसरा खण, निळी फाईल, शेवटून तिसरा कागद'. या वेळी कागद लगेच हाती आला. तेव्हा कुठे तुम्ही फळ्यावर तिरप्या रेघा देत फाईलचा पत्ता लिहिलात, आधी ड्राइव्ह, मग फोल्डर, मग आतलं फोल्डर, शेवटी फाईल, आणि म्हणालात, "ही पण चिठ्ठीच." माझ्या शेजारी ती मुलगी बसली होती. तिने वहीत तो पत्ता उतरवून घेतला आणि त्याखाली छोटंसं कपाट काढलं.

दुसऱ्या शनिवारी कंट्रोल-झेड, म्हणजे आत्ता केलेलं मागे घेणं. दोन ओळी टाइप करा, सगळं निवडा, पुसा, परत आणा. पुन्हा पुसा, पुन्हा आणा. पंधरा मिनिटं दुसरं काहीच नाही. मला वाटलं, वेळ जातोय. पण बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघणारी मुलं त्यानंतर माझ्याकडे बघेनाशी झाली. कट, कॉपी आणि पेस्ट या गोष्टी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवल्या, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. समोरच्या मशीनमधली सोय कुणीतरी विचार करून केलेली आहे, हे कळल्यावर मुलं प्रश्न विचारायला लागली. फाईल बंद केली की सहसा कंट्रोल-झेडची परतीची वाटही बंद होते, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

आणि तुमचे हात! मुलांच्या मागे उभं राहताना ते कायम पाठीशी बांधलेले. मी विचारलं तर म्हणालात, "मोकळे असले की माऊसकडे जातात." त्या दिवसापासून मीही माझे हात आवरते. सोपं नाही ते.

फाईलच्या नावामागचं, तिचा प्रकार सांगणारं एक्स्टेन्शन दिसेल अशी सोय करणं, 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यांतला फरक, ईमेलला विषय लिहिणं, हे सगळं झालं. पण मला सर्वांत मोलाचा वाटला तो एक्सेलचा दिवस. मुलांनी नमुना क्रमांक ००७ टाइप केला, एन्टर मारलं, आणि उरला नुसता ७. मग तुम्ही सोळा आकडी क्रमांक टाइप करायला लावलात, तर शेवटच्या आकड्याच्या जागी शून्य, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे सांभाळतं. क्रमांक हा मोजायचा आकडा नाही, ते नाव आहे, म्हणून आधी रकाना टेक्स्ट करा, मग टाइप करा, असं तुम्ही सांगितलंत. तेव्हा मला राहवलं नाही, उठून मी माझ्या विषयातलं सांगितलं: 'सेप्ट२', 'मार्च१' अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकायचं, आणि शेवटी नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलून 'सेप्टिन२', 'मार्चएफ१' केल्याचं जाहीर केलं. मुलं थक्क झाली. पहिल्याच वर्षी त्यांना हे ठाऊक झालं, याचं मला फार समाधान आहे.

आमच्या विद्यापीठांत प्रबंध कसा लिहावा यावर व्याख्यानं होतात, संदर्भ कसे द्यावेत यावर कार्यशाळा होतात. पण आपली फाईल कुठे आहे, हे शिकवणं कुणालाच आपलं काम वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. तुम्हाला वाटलं.

परवा त्या मुलीचा ईमेल आला. विषय लिहिलेला, फाईल जोडलेली, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तुम्ही सांगितलंत तसं, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. खाली एक ओळ होती: "मूळ नोंदी वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांना हात लावलेला नाही. हा तक्ता त्यांच्या कॉपीवर केला आहे."

ही सवय तिला मी लावलेली नाही, दादा. तो ईमेल तिला विचारून तुम्हाला पुढे पाठवला आहे. सवडीने उघडून बघा.

तुमची,
वनस्पतिशास्त्राची मॅडम