कातरिना तोमाशेव्स्की यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय कातरिनाबाई,

तुम्ही २००६ मध्ये गेलात. तरीही बालहक्कांचं काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांवरचं तुमचं ऋण जाहीरपणे मान्य करावंसं वाटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणहक्कविषयक पहिल्या विशेष प्रतिवेदक (हा हक्क देशोदेशी कसा पाळला जातो हे तपासून अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ) म्हणून तुम्ही १९९८ ते २००४ या काळात काम केलंत. हक्क कागदावर आधीही होता: १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, १९६६ चा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, १९८९ ची बालहक्क संहिता. पण सरकारनं तो पाळला की नाही, हे तपासायचं कसं? पटावर नावं चढली की हक्क मिळाल्याचं जाहीर व्हायचं. तुम्ही चार कसोट्या हाती दिल्यात: उपलब्धता, पोहोच, स्वीकारार्हता, अनुकूलता.

आजही तपासणी याच क्रमानं होते. शाळा, प्रशिक्षित शिक्षक, पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हे आधी. मग पोहोच, आणि इथे फार बारकाईनं पाहावं लागतं. फी माफ असली तरी गणवेश, पुस्तकं, परीक्षा शुल्क, प्रवास हा खर्च घरच्यांच्याच माथी येतो. म्हणून ‘फी किती?’ असं न विचारता ‘या मुलाच्या शाळेपायी वर्षाला घरातून किती पैसे जातात?’ असं विचारायचं. त्यानंतर शिकवण्याची भाषा मुलाला कळते का, वर्गात मार बसतो का. चौथी कसोटी मात्र सहज राहून जाते. अपंग, कामावर जाणारी, स्थलांतरित मुलं वर्गात टिकत नसतील, तर बदलायचं शाळेनं.

दोन कायदे शेजारी ठेवून वयं जुळवायचीही असतात. सक्तीचं शिक्षण बाराव्या वर्षी संपत असेल आणि कामाचं किमान वय पंधरा असेल, तर मधली तीन वर्षं मूल चोरून कामाला लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं चौथं उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्व मुलामुलींना मोफत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण मिळावं असं सांगतं. आरोग्याची, समानतेची उद्दिष्टंही त्यावर अवलंबून आहेत. मुली शिकल्या की लग्नं लांबतात, पुढे त्यांची बाळंही अधिक जगतात. पण उद्दिष्ट हुकलं म्हणून सरकारला न्यायालयात खेचता येत नाही. देशाच्या कायद्यावर आणि मंजूर केलेल्या करारावर मात्र बोट ठेवता येतं. त्यामुळे सरकारकडे करायच्या अर्जात आधी कायद्याचं किंवा कराराचं कलम, मग उद्दिष्ट. क्रम उलटला की ‘निधी आल्यावर पाहू’ हे उत्तर ठरलेलं.

त्यावरचा उपायही १९६६ च्या करारात आहे. मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण अजून देऊ न शकलेल्या देशानं करारात सामील झाल्यापासून दोन वर्षांत सविस्तर आराखडा करावा, असं कलम १४ म्हणतं. तो आराखडा कुठे आहे, हे विचारायचं बळ तुमच्या कामानं दिलं. त्याबद्दल मनापासून आभार.

शिक्षणहक्काचे कार्यकर्ते